उन्हाळ्यात शरीराचा तोल: नुसते पाणी पिणे पुरेसे का नाही?

धागालेखिका

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, वय वर्षे ७८, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या असंबद्ध बोलू लागले. उकाड्याचा तो सलग चौथा दिवस होता. आम्ही घरातले सगळे त्यांना आग्रहाने पाणी पाजत होतो आणि दर तासाला पेला रिकामा झाला की नाही, हे मी स्वतः पाहत होते. त्यामुळे त्यांना उन्हाळा बाधणे शक्यच नाही, असे मी धरून चालले होते. रुग्णालयात रक्त तपासल्यावर कळले की त्यांच्या शरीरात पाणी कमी पडलेले नव्हते, तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, जेवणातले मीठ आधीच कमी केलेले होते, उकाड्याने भूक मंदावल्यामुळे जेवणही अर्ध्यावर आले होते आणि त्यावर माझ्या आग्रहाचे पाणी. या चारही गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र आल्या.

ते बरे होऊन घरी आले. मात्र ज्या काळजीने मी त्यांना जपत होते, तिनेच त्यांचा त्रास वाढवला, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. तेव्हापासून या विषयावर जे वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

आपले शरीर विश्रांतीतही सतत उष्णता निर्माण करत असते. शांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकवायचे असेल, तर ही सगळी उष्णता त्वचेवाटे बाहेर गेलीच पाहिजे. हवा थंड असते तेव्हा ती आपोआप जाते. उन्हाळ्यात त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते आणि हवा त्याहून तापली की उष्णतेचा ओघ उलटा फिरतो, म्हणजे हवाच आपल्याला तापवू लागते. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो आणि तो म्हणजे घाम. घामाचे नुसते येणे मात्र कामाचे नसते. तो त्वचेवर वाळतो तेव्हा उष्णता घेऊन जातो. जो घाम ओघळून खाली पडतो किंवा कपड्यात मुरून राहतो, तो पाणी आणि मीठ नेतो पण गारवा जवळजवळ देत नाही. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. या हिशेबाने स्वस्थ बसलेल्या माणसाची स्वतःची उष्णता घालवायलाच तासाला साधारण १५० मिलिलिटर घाम वाळावा लागतो, आणि हवेकडून येणारी उष्णता त्याहून वेगळी.

म्हणूनच कोरड्या उन्हापेक्षा दमट उकाडा काही वेळा अधिक घातक ठरतो, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असल्यावर घाम वाळायला जागा राहत नाही. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते, ते ३५ अंशांवर गेले तर निरोगी माणूसही फार तास टिकणार नाही, असे २०१० मध्ये सैद्धांतिक गणिताने दाखवले गेले होते. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण आणि निरोगी स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येते, असे दिसले. वृद्ध आणि आजारी माणसांसाठी ती याहून खाली असणार, हे उघड आहे.

याखेरीज हृदयावर येणारा भार आपल्या लक्षातच येत नाही. उष्णता त्वचेपर्यंत पोहोचवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते. एरवी त्वचेतून मिनिटाला जेमतेम अर्धा लीटर रक्त वाहते. तीव्र उष्णतेत हा प्रवाह ६ ते ८ लीटरपर्यंत जाऊ शकतो. उष्णतेच्या लाटेत होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळसे उष्माघाताचे नसून हृदयाच्या आणि श्वसनाच्या जुन्या विकारांनी उचल खाल्ल्यामुळे झालेले असतात, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की उन्हाळ्यातली काळजी म्हणजे केवळ पाण्याचा हिशेब नव्हे. पाणी, मीठ, घामाचे वाळणे, हृदयाला मिळणारी उसंत आणि रात्री शरीराचे निवणे या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. आपापले अनुभव आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात.

प्रतिसाद १

ताई, वडिलांना बरे वाटते आहे हे वाचून समाधान वाटले. माझे काम भट्टीजवळच्या विभागातील माणसांवर देखरेख ठेवण्याचे आहे, त्यामुळे एका मुद्द्याची भर घालतो, कारण तो कळायला मला फार वर्षे लागली.

शरीराला उष्णतेची सवय व्हावी लागते आणि त्यासाठी ७ ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि अधिक येतो, तसेच त्यातून जाणारे मीठ कमी होते. त्याच कामाला हृदयाचे ठोकेही कमी पडू लागतात. म्हणून धोक्याचे दिवस हंगामाच्या मध्यापेक्षा सुरुवातीलाच अधिक असतात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा यंत्रणेच्या माहितीप्रमाणे उघड्यावरच्या कामातील उष्णतेमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात.

आमच्याकडे एक तरुण, धडधाकट मुलगा रुजू झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी तो पायऱ्यांवर कोसळला. त्याने कामाचा उत्साह दाखवला आणि मी त्याला थांबवले नाही, याची खंत मला आजही आहे. आता आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच वेळ उष्णतेत ठेवतो आणि रोज २० टक्के वाढवत नेतो. जुना माणूस मोठ्या रजेवरून परतला तरी त्यालाही पहिल्या दिवशी अर्ध्यापासून सुरुवात करावी लागते, कारण मिळवलेली सवय दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने बरीचशी ओसरते. जे दिवसभर वातानुकूलित खोलीत बसतात आणि सुटीच्या दिवशी अचानक भर उन्हात मैदानावर उतरतात, त्यांनीही स्वतःला नवीन कामगारच समजावे, असे मला वाटते.

प्रतिसाद २

मूळ लेख वाचून मनात गोंधळ झाला आहे. मग पाणी किती प्यावे? आजवर ‘तहान लागण्याआधी प्या’ असेच ऐकत आलो आहे.

धागालेखिका

तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे एका आकड्यात उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. घरात, सावलीत असलेल्या निरोगी प्रौढाला तहान बऱ्यापैकी विश्वासू वाटाड्या असते आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहतो की गडद होतो, यावरून अंदाज येतो. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून त्यांना आठवण करून देणे भागच असते. फक्त माझ्यासारखे मोजून मापून ओतत राहू नये आणि पाण्यासोबत त्यांचे जेवण पोटात जाते आहे ना, याकडे तेवढेच लक्ष द्यावे. आपल्याला लागणारे मीठ मुख्यतः जेवणातूनच मिळते. जेवण सुटले की पाण्याचा अर्थही बदलतो, हे मला उशिरा समजले.

प्रतिसाद ३

मी लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये धावतो, त्यामुळे प्रश्नाची दुसरी बाजू मांडतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताचे नमुने शर्यतीच्या शेवटी तपासले गेले होते आणि त्यांतील १३ टक्के जणांचे सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन धावताना वाढले होते, म्हणजे ज्यांनी घामावाटे गेले त्याहून अधिक पाणी प्यायले होते, त्यांच्यात हा धोका ठळक होता. वृद्ध आणि आजारी माणसांपुरता हा विषय मर्यादित नाही, एवढेच सांगायचे आहे.

मी स्वतः सरावाआधी आणि सरावानंतर वजन करतो. एक किलो उतरले तर साधारण एक लीटर घाम गेला असे धरतो, आणि त्याची भरपाई पुढच्या काही तासांत जेवणासह सावकाश करतो. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्यांसाठी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी आणि तासाला जास्तीत जास्त दीड लीटरच्या आत, अशी मार्गदर्शक मर्यादा सांगितली जाते. वरची मर्यादाही असते, हे बहुतेकांच्या कानावरच गेलेले नसते.

प्रतिसाद ४

वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे मला कर्तव्य वाटते. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

सर्वांत आधी उष्माघाताविषयी. ‘घाम थांबला आणि त्वचा कोरडी पडली की उष्माघात’ असे पुष्कळांना वाटते. वृद्धांमध्ये तसे चित्र दिसू शकते, पण श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळतही असू शकतो. खरी खूण मेंदूची असते: असंबद्ध बोलणे, चिडखोरपणा, तोल जाणे, झटके येणे, शुद्ध हरपणे आणि त्यासोबत शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर. ही आणीबाणी आहे. रुग्णवाहिका बोलवावीच, पण ती येईपर्यंत थांबू नये. माणसाला सावलीत आणून जादा कपडे काढावेत, अंगभर पाणी ओतून जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. श्रमाने उष्माघात झालेल्या माणसाला गार पाण्यात बसवण्याची सोय असेल आणि लक्ष ठेवायला माणसे असतील, तर तो सर्वांत प्रभावी उपाय आहे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर जीव आणि अवयव वाचण्याची शक्यता फार वाढते. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नये. तापात मेंदूने स्वतःच तापमानाची पातळी वर नेलेली असते आणि गोळी ती पातळी खाली आणते. उष्माघातात तसे काही घडलेले नसते, त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही आणि आधीच ताणाखाली असलेल्या यकृताला मात्र इजा पोहोचू शकते.

याच्या अलीकडची अवस्था म्हणजे खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, पायात गोळे. अशा वेळी आडवे करून पाय थोडे वर ठेवावेत, थंडावा द्यावा आणि घोटघोट क्षारयुक्त पाणी द्यावे. एका तासात उतार पडला नाही किंवा बोलण्यात फरक जाणवला, तर दवाखान्यात न्यावे.

क्षारयुक्त पाण्याबद्दल लोक अंदाजाने मीठ घालतात आणि तेथेच चूक होते. तयार पाकीट असेल तर त्यावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण पाकीट सांगितलेल्या पाण्यातच विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण सुरक्षित मानले जाते. साखर चवीपुरती नसते. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. मीठ जास्त झाले तर, विशेषतः लहान मुलांना, ते अपायकारक ठरते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे पाणी रोजचे पेय म्हणून सुरू करू नये.

आता औषधांबद्दल, कारण धाग्याचे मूळ तेथेच आहे. लघवी वाढवणारी औषधे पाणी आणि क्षार दोन्ही घालवतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. मानसिक आजारांवरची काही औषधे, तसेच ॲलर्जीवरच्या जुन्या पिढीच्या गोळ्या घाम येण्यात किंवा तापमानाच्या नियंत्रणात अडथळा आणू शकतात. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर औषधाची रक्तातील पातळी विषारी होऊ शकते. यांतील कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. उन्हाळा सुरू होण्याआधी एकदा सगळी औषधे डॉक्टरांसमोर ठेवून, ‘या दिवसांत मात्रेत काही बदल हवा का, आणि पाणी किती चालेल?’ असे स्पष्ट विचारावे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे जण हा प्रश्न विचारतात.

प्रतिसाद ५

डॉक्टरसाहेब, फार उपयुक्त माहिती दिलीत. माझे बाळ चार महिन्यांचे आहे. घरात पंखा सतत चालू असतो, तरी त्याला घामोळे आले आहे. मोठी माणसे त्याला चमच्याने पाणी द्यायला सांगतात. द्यावे का?

प्रतिसाद ६

वरच्या प्रतिसादातील डॉक्टर मीच. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी देऊ नये. त्याचे मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकायला पुरेसे तयार नसतात आणि पोट पाण्याने भरले की दूध कमी जाते. अंगावरचे दूधच अधिक वेळा पाजावे; आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यावे आणि नीट जेवावे. घामोळ्यांसाठी सैल सुती झबले, कोमट पाण्याने अंघोळ आणि घड्यांमधली त्वचा कोरडी ठेवणे एवढे बहुधा पुरते. पावडरीचा थर देऊ नये, त्याने घामाची रंध्रे आणखी बंद होतात.

लहान मुलांविषयी आणखी एक विनंती. बंद मोटारीत मुलाला दोन मिनिटांसाठीही ठेवू नका. उन्हात उभ्या मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतात.

प्रतिसाद ७

पंख्याच्या मुद्द्यावर थोडी असहमती नोंदवायची आहे. वर पंख्याचा उल्लेख सुरक्षित उपाय असल्यासारखा आला आहे. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त हवा हलवतो. घाम वाळायला त्याची मदत होते हे खरे, पण हवाच फार तापलेली असेल आणि अंग कोरडे असेल, तर तो भट्टीचा वारा अंगावर घेण्यासारखा प्रकार होतो. जागतिक आरोग्य संघटना पंख्याचा वापर ४० अंशांच्या खालीच करावा असे सांगते आणि वृद्धांना घाम कमी येत असल्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा एक-दोन अंश आणखी खाली धरणे शहाणपणाचे ठरेल.

त्या मर्यादेजवळ पोहोचताना मी अंग ओले करून पंख्यासमोर बसतो. हात, मान आणि पाय ओल्या फडक्याने पुसत राहिले की शरीराला घाम न गाळताच वाळण्याचा गारवा मिळतो, आणि हृदयालाही तेवढी उसंत मिळते. वीज गेली असतानाही हातपंख्याने हा उपाय करता येतो.

घराबद्दलही थोडे लिहितो. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या बंद ठेवणे आणि बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, एवढ्या एका सवयीने माझ्या खोलीतील तापमान लक्षणीय उतरले. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून अडवलेले ऊन अधिक उपयोगी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर अडले तरी उष्णता खोलीतच राहते.

प्रतिसाद ८

मी एकटी राहते, वय ७०. कृपया एकट्या माणसांचाही विचार करावा. मला काही झाले तर मी असंबद्ध बोलते आहे, हे ऐकणार कोण?

धागालेखिका

आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली आणि नंतरच्या तपासणीत एकटे राहणाऱ्यांना, घराबाहेर न पडणाऱ्यांना सर्वाधिक धोका होता, असे दिसून आले. ज्यांच्याकडे कोणी येत-जात होते, ते अधिक सुरक्षित राहिले. ऑगस्ट २००३ मध्ये युरोपात सुमारे ७०,००० माणसे गेली, त्यांपैकी जवळपास १५,००० एकट्या फ्रान्समध्ये, आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते.

आपण दोन माणसे ठरवावीत, एक शेजारचे आणि एक दूरचे. उकाड्याच्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी त्यांच्याशी दोन वाक्ये तरी बोलावे. आपला फोन आला नाही तर त्यांनी करावा आणि आपण उचलला नाही तर शेजारच्यांनी दार वाजवावे, एवढे आधीच बोलून ठेवावे. दाराची एक किल्ली त्यांच्याकडे असू द्यावी. मदत मागताना संकोच वाटतो, हे मला कळते. पण ज्यांना आपण सांगाल त्यांना ते ओझे वाटणार नाही. हवे तर येथे रोज एक ओळ लिहीत चला, मी नक्की पाहीन.

प्रतिसाद ९

रात्रीच्या निवण्याविषयी मूळ लेखात ओझरता उल्लेख आला, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. रात्रही तापलेलीच राहिली तर झोप तुटक होते, हृदयाला विसावा मिळत नाही आणि दुसरा दिवस आदल्या दिवसाचा थकवा घेऊनच उजाडतो. उष्णतेच्या लाटेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे ढासळू लागतात, त्यामागे या साचत गेलेल्या रात्रीही असतात. धागालेखिकांच्या वडिलांनाही चौथ्याच दिवशी त्रास झाला, हे लक्षात घ्यावे. वृद्धांच्या खोलीचे तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली राखावे, असे सांगितले जाते. ते प्रत्येकाला शक्य होत नाही, म्हणून निदान दिवसातले दोन-तीन तास तरी गार जागी घालवावेत.

मी झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करतो. बर्फासारख्या गार पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आक्रसतात आणि उष्णता आत अडकते, असा माझा अनुभव आहे. तळहात आणि तळपायांतून उष्णता फार चांगली बाहेर पडते, म्हणून ते पांघरुणाबाहेर ठेवतो. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घेतो, मद्य पूर्ण टाळतो, कारण ते पाणीही घालवते आणि झोपही मोडते. झोप कमी पडलेल्या दिवसांत घरात शब्दाला शब्द लागतो. त्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय आणि वादाचे विषय आम्ही ठरवून संध्याकाळनंतर ढकलतो आणि त्याचा खरोखरच उपयोग होतो.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्याचा आमच्या घरी काय उपयोग झाला, ते लिहिते.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांची सगळी औषधे घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. लघवी वाढवणाऱ्या गोळीची मात्रा त्यांनी उन्हाळ्यापुरती बदलून दिली, पाण्याची रोजची वरची आणि खालची मर्यादा कागदावर लिहून दिली आणि तीन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितले. वडील दुपारी पाय ओले करून पंख्याखाली बसतात. त्यांची खोली आता मावळतीच्या बाजूची नाही, माझ्याशी अदलाबदल केली आहे. मी पेले मोजणे सोडले असून ताटात काय उरले, ते पाहते. काल तपासणीचा अहवाल आला आणि सोडियम प्रमाणात आहे.